दोन मिनिटं

रिळ्याने आतून गजांवर पुन्हा नखं घासली आणि धाकटीचा मशीनवरचा पाय थांबला.

"पाय चालव," थोरली म्हणाली. "आपण थांबलो की त्याला कळतं."

"अगं, केवढासा जीव तो."

"जीव केवढासा, पण घसा बघ. तीन गल्ल्या उठवेल."

रिळ्या दोन महिन्यांचं पिल्लू. आल्या दिवशी दोऱ्याचं अख्खं रीळ उलगडत घरभर फिरला, म्हणून हे नाव. दोघी बहिणी घरीच शिवणकाम करायच्या. जमिनीवर टाचण्या सांडलेल्या असायच्या, त्यामुळे मशीन चालू आहे तोवर त्याने पिंजऱ्यात बसायचं, असं ठरलं होतं. दोघींचं ठरलं होतं. त्याला ते मुळीच मान्य नव्हतं. अंधार असला की झोपेल म्हणून पिंजऱ्याला जाड निळा अभ्राही शिवून घातला होता. तो अभ्रा आता आतून धक्के बसून हलत होता.

खालून ठोकल्याचा आवाज आला. झाडूच्या दांड्याने, छतावर, दोनदा. घरमालकीण खालीच राहायची. सकाळी जिन्यात तिने सांगून टाकलं होतं, "ताई, आजचा दिवस बघते. हाच गोंधळ राहिला तर उद्या एक तर कुत्रं नाही, नाहीतर तुम्ही नाही."

"उघडू का?" धाकटीने विचारलं. "नुसतं डोकं कुरवाळते."

"नियम काय आहे?"

नियम कुत्र्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेला. रडत असताना दार उघडायचं नाही. गप्प झाला की पुरती दोन मिनिटं थांबायचं, मग उघडायचं. नाहीतर रडलं की दार उघडतं, एवढंच तो शिकेल. थोरलीने तो नियम देवापुढच्या नेमासारखा धरला होता. चार दिवसांत एकदाही मोडला नव्हता.

रिळ्याने उडी मारली. गळ्यातलं घुंगरू खणखणलं. पुन्हा उडी, पुन्हा घुंगरू, मग लांबलचक किंकाळी. ती मध्येच तुटली.

घर एकदम शांत झालं.

थोरलीने सेकंदकाट्यावर नजर लावली. "झाली सुरुवात," ती कुजबुजली. तिचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैलावला. "बघ, शिकलं की नाही लेकरू?"

खालचा झाडूही थांबला होता. धाकटीने हातातलं कापड मांडीवर ठेवलं. अर्धं मिनिट गेलं.

"ताई, घुंगरू वाजत नाहीये."

"झोपलाय म्हणून."

"झोपेतही वाजतं. श्वास घेतला की किणकिणतं. काल मी उशाशी घेऊन ऐकलंय."

"एक मिनिट होत आलं. आता उघडलंस तर चार दिवसांचं सगळं पाण्यात."

धाकटी उठलीच. थोरलीने तिचं मनगट धरलं. "माझी शपथ आहे तुला. त्याला घरात ठेवायचंय ना?"

धाकटी तशीच उभी राहिली. दोघी घड्याळाकडे बघत राहिल्या. काटा खाली उतरला, पुन्हा वर चढू लागला.

पिंजऱ्याच्या तळाच्या पत्र्यावर एक नख घासलं. एकच. हलकेच.

थोरलीनेच मनगट सोडलं आणि अभ्रा उचलला.

रिळ्या मागच्या पायांच्या बोटांवर ताणून उभा होता. गळ्याचा पट्टा वरच्या कडीत अडकला होता. जीभ बाहेर आली होती. धाकटीने दार उघडून पट्टा ओढला. पट्टा तिनेच शिवलेला. सारखा डोक्यातून निसटतो म्हणून काल तिने तो गळ्यातच दुहेरी टाके घालून पक्का केला होता. वर घुंगरू लावलं होतं, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. थोरलीने टाक्यांवरून बोट फिरवून "सुरेख आलंय" असंही म्हटलं होतं.

"निघत नाहीये गं! ताई, निघत नाहीये!"

थोरलीच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री असायची. तिने कापड आणि कातडी यांच्यामध्ये पातं सरकवलं. एक टाका. दुसरा. जाड शिवण करकरली आणि सुटली. रिळ्या तिच्या हातांत पडला, ओल्या फडक्यासारखा.

काहीच झालं नाही.

तिने त्याची छाती चोळली. पुन्हा चोळली. मग त्याचं अंग एकदा आचकलं आणि तो ओरडला. असा ओरडला की खिडकीची काच झणझणली.

वर घड्याळात दोन मिनिटं आत्ता कुठे पुरी होत होती.

खालून झाडूचा दांडा आदळू लागला. धाकटी जमिनीवरच बसली होती. "डॉक्टर म्हणाले होते, पट्टा काढून मगच आत ठेवत जा. आणि मी तो शिवून टाकला. माझ्या हातांनी..."

थोरलीने मशीनला टेकवलेली लाकडी मोजपट्टी उचलली आणि तिचं टोक जमिनीवर आपटलं. तीनदा, जोरात.

खालचा आवाज थांबला.

रिळ्या दमला होता. थोरलीच्या कोपरात तोंड खुपसून तो गप्प झाला. तिने त्याला हलवलं. तो कुईं करून पुन्हा गप्प झाला. तिने पुन्हा हलवलं.

"ताई, झोपू दे की त्याला आता."

थोरलीने मान हलवली. पिल्लाच्या कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "रिळ्या, ए रिळ्या. ओरड रे बाळा."