सुरमई बोलत नाही

"सुरमई, सुरमई, कंट्रोल. उत्तर द्या."

उत्तर आलं नाही. यंत्रातून नुसती खरखर आली. वायरलेसच्या खोलीत बसलेल्या महिपतने पुन्हा हाक मारली. खिडकी उघडी होती आणि खिडकीखालच्या पायरीवर मालिनी आणि शमीम एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

रत्नागिरीच्या अग्निशमन केंद्रात गाड्यांना नंबर होते, पण खरखरीत ते सगळे सारखेच ऐकू येत. म्हणून जवानांनी गाड्यांना माशांची नावं दिली होती. लांबलचक मोठी गाडी ती सुरमई. बुटका, चपळ तो बांगडा. मध्यंतरी एक शाकाहारी साहेब बदलून आले. नंबरच वापरायचे, असा त्यांनी हुकूम काढला. तो पहिल्या आगीपर्यंत टिकला. नावं गाड्यांची होती, पण मागच्या खोल्यांत राहणाऱ्या बायका ती माणसांचीच धरत. सुरमई म्हणजे मालिनीचा हरिहर. बांगडा म्हणजे शमीमचा गफूर. खिडकीतून नाव ऐकू आलं, की आज कुणाचं ताट झाकून ठेवायचं ते कळे.

दुपारची जेवणं झाली आणि काजूच्या एका कारखान्याला आग लागली. टरफलांचं तेल पेटलं होतं. त्याचा काळाकुट्ट धूर केंद्राच्या अंगणातूनही दिसत होता. सुरमईवरची माणसं पाइप घेऊन आत शिरली आणि थोड्या वेळात छप्पर खाली बसलं. एवढं कुणीतरी फोन करून महिपतला कळवलं होतं. त्यानंतर सुरमई बोलली नव्हती.

बांगडा सकाळपासून गणपतीपुळ्याला होता. अंगारकीच्या गर्दीसाठी त्याला बंदोबस्ताला पाठवलं होतं. परत या, असा निरोप महिपतने तिथल्या पोलीस चौकीवर फोनने दिला होता. पण खाली समुद्राकाठी वायरलेस लागत नसे. गाडी चढून वर सड्यावर, पठारावर आली, की मग लागे.

मालिनी उठली. "आत जाऊन विचारते महिपतभाऊंना."

शमीमने तिला हाताला ओढून खाली बसवलं. "नको, वहिनी. त्यांना हाका मारू देत. आपण मध्येच बोललो नि नेमका तेव्हाच तिकडून आवाज आला तर?"

"येईल ना गं?"

"न यायला काय झालं? हात गुंतलेले असतील. बोलायला फुरसत नको?"

"छप्पर पडलंय, शमीम."

"पडू दे. ते काय खाली उभे राहणारेत? एवढी वर्षं आगीत घालवली. छप्पर कधी सोडतं ते कळतं त्यांना."

ती हे ठामपणे म्हणाली, पण तिची पकड एवढी घट्ट होती की मालिनीच्या बांगड्या मनगटात रुतत होत्या. मालिनीला ते बरंच वाटत होतं. दुखत होतं तोवर दुसरीकडे लक्ष होतं.

"सुरमई, सुरमई, कंट्रोल."

खरखर.

"मागच्या खेपेला पाय भाजून आले, तेव्हाच म्हटलं होतं मी," मालिनी म्हणाली. "बागेत राखण करा, आंबे मोजा, पण हे नको. तर म्हणतात, माकडांच्या मागे धावण्यापेक्षा आग बरी."

"आमचेही तसलेच."

"तुझं बरं आहे बाई," मालिनीच्या तोंडून निघून गेलं. "तुझे पुळ्याला वाऱ्यावर बसलेत. खोबऱ्याच्या वड्या खात असतील."

शमीमने धुराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

मालिनीला लाज वाटली. "तसं नव्हतं गं म्हणायचं मला."

"ठाऊक आहे. बोला काहीतरी. गप्प नका बसू."

धूर आता वळून समुद्राकडे चालला होता. आत महिपतने पाण्याचा घोट घेतलेला ऐकू आला. तेवढ्यात यंत्र खरखरलं, खरखर तुटली आणि कुणीतरी घसा खाकरला.

"कंट्रोल, बांगडा. सड्यावर आलोय. तसाच कारखान्यावर जातो. सुरमईचं काय?"

मालिनी ताडकन उठली. तो घसा तिने शेकडो माणसांत ओळखला असता.

"हरिहर, सुरमई अजून बोलत नाही," महिपत म्हणाला. "तू पोच लवकर."

"अगं, हे तर आमचे!" मालिनी रडत होती आणि हसत होती. "बांगड्यावर आमचे आहेत! शमीम, ऐकलंस?"

तिला मिठी मारायला मालिनी वळली. शमीम खाली पायरीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मालिनीचे पसरलेले हात तसेच राहिले. बांगड्यावर हरिहर, तर सुरमईवर कोण, हे तिला आत्ता कळलं.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी डबा न्यायला आले तेव्हा सांगत होते. हरिहरभाऊंना दर्शन घ्यायचं होतं. म्हणाले, गफूर, आजच्या दिवस तू सुरमईवर जा."

"आणि एवढा वेळ तू बोलली नाहीस?" मालिनीचा आवाज चढला. "माझा इथे जीव जायची पाळी आली, आणि तू हात धरून बसलीस?"

शमीमने मान वर केली.

"सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असता, वहिनी. मग मी एकटीने ऐकायचं?"

आत महिपतने पुन्हा हाक मारली. त्याचा आवाज बसला होता. सुरमई, सुरमई. उत्तर द्या.

मालिनी उभीच होती. दोन पावलांवर तिच्या खोलीचं दार होतं.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि शमीमला खेटून बसली.