भावोजी, जीभ वर करा

"भावोजी, जीभ वर करा."

धाकट्याने जीभ वर केली. वहिनीने बॅटरी मारून डावा गाल पाहिला, उजवा गाल पाहिला, टाळू पाहिली. घोडा विकत घेतानासुद्धा कोणी इतकं बघत नाही. गोळी पोटात गेली होती.

"शहाणे माझे," म्हणत तिने बरणीचं झाकण लावलं. गोळ्यांची पाकिटं कारखान्यातल्या भुशात हरवतात, म्हणून ती गोळ्या काढून एका छोट्या काचेच्या बरणीत भरायची आणि वेळ चुकू नये म्हणून बरणी पर्समध्ये घेऊन फिरायची. भारी टापटिपीची बाई.

धाकटा सुतार होता आणि त्याच्या मनाला दोन टोकं होती. एक पाताळात, एक आभाळात. पाताळात असला की रंधा उचलवायचा नाही. आभाळात असला की झोप नको, जेवण नको, कोणाच्या बापाची भीड नको. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं तो जमिनीवर होता. जमीन ही मोठी झकास जागा आहे, हे त्याला तिथे उतरल्यावरच कळलं होतं.

आणि आता त्याच गोळ्या लागू पडेनात.

थोरल्या भावाने साध्या खुर्च्या सांगितल्या, तर याने पायांना सिंहाचे पंजे कोरले. मग हातांना आयाळ. मग पाठीला जबडा.

"अरे गाढवा," थोरल्याने कपाळावर हात मारला, "माणूस बसायला येणार आहे की शिकार व्हायला?" आणि ती खुर्ची उचलून त्याने आपल्या फर्निचरच्या दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवली. काय करणार, आत जागा नव्हती. एका हॉटेलवाल्याने ती पाहिली आणि अख्ख्या हॉटेलाला तसल्याच मागितल्या, वीस तारखेपर्यंत. "आता शब्द गेला," थोरला सुस्कारा टाकून म्हणाला. "बाबा रे, तुझ्या तब्येतीने होईल तेवढंच कर हं."

तब्येतीने तो रात्रंदिवस करत होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने राहत्या घराचं दार उतरवलं आणि त्याची होडी केली. जवळपास नदी नव्हती. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली.

"तू वाईट नाहीस रे," ती फोनवर म्हणाली, "पण मला दार लागतं. गोळ्या लागू पडल्या की सांग. शाळा सुरू होईपर्यंत वाट बघते. नाहीतर लेकीचं नाव इथल्याच शाळेत घालते."

धाकट्याने कंबर कसली. चहा सोडला. सकाळ-संध्याकाळ पाय तुटेस्तोवर चालला. पैसे आणि फोन थोरल्याच्या ताब्यात दिले, म्हणाला, "दादा, मी मागितले तरी देऊ नकोस." रोज अंधार पडला की पटाश्या वहिनीच्या हाती द्यायचा. "लपवा. मला कोरायला मिळता कामा नयेत."

वहिनी लपवायची. पण सकाळी हात शिवशिवायला लागले की त्या बाकाखालीच सापडायच्या. वर धार लावलेल्या. लपवाछपवी या बाईला जमायचीच नाही. धाकट्याला तिची कीव यायची.

गोळी मात्र त्याने एक चुकवली नाही. पूर्वी ती जिभेला टेकली की तोंड वाकडं व्हायचं. आता काहीच नाही, उलट जरा गारवा. आजाराने तोंडाची चवसुद्धा फिरवली, याचं त्याला वाईट वाटलं.

डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा वाढवला. शेवटी रक्त तपासायला पाठवलं आणि तिघांना समोर बसवलं.

"तुमच्या रक्तात औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "कमी नाही. नाहीच."

"बघा!" थोरला कडाडला. "थुंकतो हा! लहानपणी दूधसुद्धा असंच कुंडीत ओतायचा. आमचं झाड मेलं!"

"मी स्वतः जीभ बघते हो," वहिनीने डोळे पुसले.

"डॉक्टर, आईशप्पथ घेतो मी गोळ्या," धाकटा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. कोण जाणे, झोपेत थुंकत असेन. मग त्याला आठवलं, आपण झोपतच नाही.

"मग दवाखान्यात ठेवावं लागेल. आमच्या डोळ्यांदेखत गोळ्या देऊ."

"ठेवायचं नाही!" थोरला ताडकन उठला. "म्हणजे... आपलं माणूस आहे. निदान वीस तारखेपर्यंत तरी नको."

धाकट्याचे डोळे भरून आले. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

"बरं, एक गोळी आत्ता घ्या. इथे, माझ्यासमोर." डॉक्टरांनी खणातलं पाकीट फोडलं. धाकट्याने गोळी जिभेवर ठेवली आणि त्याचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं झालं.

"काय झालं?"

"कडू आहे!"

"कडूच असते. पहिल्या दिवसापासून."

धाकट्याने वहिनीच्या पर्सकडे पाहिलं. मग पाण्याचा घोट घेऊन त्याने गोळी गिळली आणि कोणी न सांगता जीभ वर करून दाखवली.

"डॉक्टर, माझ्या बायकोला एक फोन लावता का? सांगा तिला, गोळ्या लागू पडतील."

थोरला खिडकीतून रस्ता बघायला लागला. वहिनी घाईघाईने उठली, पर्स खुर्चीच्या हाताला अडकली, बरणी फरशीवर पडून फुटली, आणि दवाखानाभर पेपरमिंटचा वास सुटला.