सोवळ्यातल्या चाचण्या

आईचं नाव यादीतून पुन्हा उडालं होतं.

डोळ्यांच्या रुग्णालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. ऑपरेशनच्या यादीत आई वर सरकत सरकत पहिल्या पानावर आली होती आणि आज तिथे तिचा मागमूस नव्हता. त्याने आवाज चढवला. बाईंनी चढवला नाही. नाव तुमच्याच नंबरावरून काढलं गेलंय, इथून कुणी हात लावलेला नाही, असं त्या म्हणाल्या. पुन्हा नोंदवा, पण शेवटी लागेल.

आईचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यासाठी डॉक्टरांनी फार थोडा अवधी दिला होता. त्यानंतर ऑपरेशन करूनही उपयोग नव्हता.

"माझंच बोट लागलं असेल कुठंतरी," जिना उतरताना आई म्हणाली.

"तू फोनला हात लावतेसच कशाला?"

"वाजतो ना रे. एखाद्या दिवशी पहाटेच लागोपाठ टुणटुण सुरू होतं. तू शिकवलंस तसं सगळं पुसून टाकते."

जाहिराती असतात त्या, दिसत नाही तर वाचायच्या भानगडीत पडू नकोस, बोट आडवं फिरवायचं की गेल्या, हे खरंच त्यानेच तिला शिकवलं होतं. आता तेच बोट नको तिथे पडत असणार. त्याला आईचा राग आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

जिन्याखालीच उभं राहून त्याने तिला रुग्णालयाच्या साइटवर पुन्हा नोंदवलं. त्या साइटवर माणसाची ओळख म्हणजे फोन नंबर, नावाला कोण विचारतो. आईचा नंबर त्याने न बघता टाकला. हरवलास तर सांगता यावा म्हणून शाळेत असताना तिने तो घोकून घेतला होता. त्याला पाठ असलेला तो एकमेव नंबर होता.

गंमत म्हणजे ती साइट त्याच्याच कंपनीची होती आणि तिच्यातल्या चुका शोधणं हेच त्याचं काम होतं. चूक साइटची असती तर ती आधी त्याला दिसली असती.

ऑफिसात त्याला सोवळेबुवा म्हणत. त्याच्या चाचण्या प्रोग्रॅमने चालत. ब्राउझर आपोआप उघडायचा, बटणं आपोआप दाबली जायची. जमलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. एका चाचणीचं खरकटं दुसरीच्या पानात पडता कामा नये, यावर त्याचा कटाक्ष होता. म्हणून प्रत्येक चाचणीला कोरा ब्राउझर आणि प्रत्येक चाचणीला नवीकोरी चाचणेकाकू.

चाचणेकाकू ही खोटी पेशंट. चाचणी सुरू होताना तिची जागा आधी पुसून घ्यायची, मग काकूंना जन्माला घालायचं. काम झालं की पुन्हा सगळं पुसायचं. काकूंचं वय, गल्ली, फोन, आजार हे त्याने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हाताला येईल ते टाकून दिलं होतं. त्यानंतर तिकडे बघायची वेळ आली नव्हती, कारण खुणा कायम हिरव्याच येत. साइटची नवी आवृत्ती लोकांसमोर गेली की खऱ्या साइटवरही काकू एक फेरी मारून यायच्या, पहाटे, वर्दळ नसताना.

त्या संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, "आजपासून फोन माझ्याकडे."

तिने तो त्याच्या हातात ठेवला. त्यानंतर ती दुपारभर मांडीवर हात ठेवून बसू लागली. मावशीशी बोलणं बंद झालं. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट धरायची, आणि चटका बसला तरी बोलायची नाही. हे सगळं त्याला दिसत होतं. पण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

आणि उपाय लागू पडला. महिनाभर ऑफिसात नव्या आवृत्तीचं काम अडकलं होतं, त्यामुळे त्यालाही फुरसत होती. तो येता-जाता यादी बघायचा. नाव टिकलं होतं. वर सरकत होतं. मग एका सकाळी ते सगळ्यात वर दिसलं. दुपारी बाईंनी फोन करून सांगितलं, उद्या उपाशीपोटी घेऊन या, सकाळी यादीत नाव असलं की झालं. त्याने घरी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. आई फोनवरच रडली.

तेवढ्यात साहेब आले. नवी आवृत्ती एकदाची तयार झाली होती आणि त्यांना पहाटेपर्यंत थांबायचं नव्हतं. आत्ताच चढवू, असं त्यांचं म्हणणं.

"भरदिवसा, खऱ्या पेशंटांच्या गर्दीत?" शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं. "कुणाचं काही उडणार नाही ना?"

तो आज फार खुशीत होता. "आमच्या काकू सोवळ्यातल्या. स्वतःचाच पसारा आवरतात, दुसऱ्याला शिवत नाहीत."

त्याने बटण दाबलं. कोरा ब्राउझर उघडला, मिटला. पहिली हिरवी खूण आली. टेबलावर आईचा फोन टुण वाजला. दुसरी खूण. टुणटुण. तिसरी. जाहिरात असेल म्हणून त्याने सवयीने बोट आडवं फिरवलं, तरी फोन थांबेना. शेवटची खूण हिरवी झाली, साहेबांनी पाठ थोपटली आणि तेव्हा कुठे त्याने फोन उचलून वाचला.

नमस्कार चाचणेकाकू, आपल्या नंबरावरील सर्व नोंदी आपल्या विनंतीनुसार काढून टाकल्या आहेत.