वजनाचा रकाना

"नोकरी लागली की पेढे आणतात रे, बर्फी कसली?" तेजलने खोक्याकडे पाहत विचारलं.

प्रबुद्ध पंधरा दिवसांच्या रजेवरून आला होता. अचानक रजा घेतलेला माणूस मिठाई घेऊन परतला, की वरिष्ठांनी काय ते ओळखावं.

"मुलुंडला होतो, मॅडम. आधी तुमचे आभार मानायचेत."

म्हणजे नवी नोकरी मुलुंडला, तेजलने मनाशी ताडलं. अंधेरीतल्या त्यांच्या छोट्या कंपनीत प्रबुद्धइतका हुशार प्रोग्रॅमर दुसरा नव्हता, आणि इतका कटकट्याही. मागच्या वर्षी दोघांचं चांगलंच वाजलं होतं. काम होतं हॉस्पिटलच्या पंपाचं. पेशंटचं वजन भरायचं, त्या हिशेबाने पंप थेंबथेंब औषध सोडणार. प्रबुद्धने आठ दिवसांत पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून टाकला. तेजलने तो बाजूला ठेवला आणि सगळा रस्ट नावाच्या दुसऱ्या, कडक शिस्तीच्या भाषेत पुन्हा लिहायला लावला.

"ही भाषा आहे की सासू?" तो तेव्हा वैतागला होता. "वजन भरलंच नाही तर काय, ते आधी सांग म्हणते. तोवर प्रोग्रॅम चालूच करत नाही! वजन भरायला कोण विसरणार, यार? पायथनमध्ये रकाना रिकामा असला तर मी सरळ पन्नास किलो धरले होते. कुणाला कळलंपण नाही."

"मलाही कळलं नाही, तीच तर भीती आहे. आता सांग तिला."

मग त्याने रागारागाने लिहिलं, वजन नसेल तर पंप बंद, घंटा चालू. चार महिने गेले, दोनदा राजीनाम्याची धमकी झाली. अखेर पंप बाजारात गेले. तेजलचे आभार काही कोणी मानले नाहीत.

"शिफारसपत्र देते मी," ती आता म्हणाली. "पण जाऊ नकोस रे."

"कुठे जातोय? मुलगी झाली, मॅडम. म्हणून बर्फी."

"अगं बाई! पण तारीख तर दिवाळीनंतरची होती ना?"

"दोन महिने आधीच आली. अजून काचेच्या पेटीत आहे, पण धोका टळलाय."

तेजलला इतका आनंद झाला की तिने एकदम दोन तुकडे उचलले. "मग माझे कसले आभार? डॉक्टरांचे मान."

"त्यांचे मानले. नर्सचेही मानले. बिचारी एकटी पाच बाळांमागे धावत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पंप लावला, तर तो सुरूच होईना. घंटा वाजायला लागली. मी काचेतून बघत होतो. पंप आपला होता, मॅडम. वजनाचा रकाना रिकामा राहिला होता."

"वजन किती आहे तिचं?" तेजलने विचारलं.

"एक किलो तीनशे ग्रॅमची आहे ती."