एम्डेनला न भ्यालेलं घराणं

एकोणीसशे चौदा साली, बावीस सप्टेंबरला, एम्डेन नावाच्या जर्मन जहाजानं मद्रासवर तोफा डागल्या. लोक जीव घेऊन पळाले, पण आमचे आजेसासरे तिथल्या तिरुवल्लिकेणी भागातलं घर सोडून हलले नाहीत. दरवर्षी या तारखेला मी ही गोष्ट घरच्या ग्रुपवर बोलून पाठवते.

यंदा माझी जीभ जरा जास्तच सुटली. गेल्या डिसेंबरात वादळाची नुसती बातमी ऐकून धाकटी सून नित्या लेकरांना घेऊन सेलमला माहेरी गेली होती. मी चाळीस माणसांत तिचं नाव घेऊन म्हटलं, "या घराण्यात तोफांना कुणी भ्यालं नाही, नित्या, आणि तू पावसाला भ्यालीस. पळपुटं रक्त बाहेरूनच आलं म्हणायचं!"

घटकाभरात ग्रुपवर तंजावूरहून आत्याबाईंचा आवाज आला. आजेसासऱ्यांची ही शेवटची लेक, वय त्र्याण्णव.

"कनका, अप्पा पहिल्याच गाडीनं इकडं पळून आले गं. घरात राहिली ती माझी आई. नववा महिना होता, तिला हलवणार कोण, म्हणून ठेवून आले. बायकोची गोष्ट नवऱ्याच्या नावावर अजून किती वर्षं सांगशील?"

मी फोन पालथा ठेवला. तो लगेच वाजला. नित्या होती.



"अम्मा, आत्याबाईंचं अजून कुणी ऐकलं नसेल. तोवर तुमचा मेसेज काढून टाका, कुठं दाबायचं ते मी सांगते."