सेटल होईपर्यंत

"हातावर पाणी घ्या, जानकीबाई," भटजी म्हणाले, "आणि सोमवार कशासाठी धरले होते ते सांगा. सांगता करताना मागणं उच्चारावं लागतं."

जानकीने तळहातावर पळीभर पाणी घेतलं. शेजारी बसलेला तिचा मुलगा नंदू हसून म्हणाला, "मी सेटल व्हावं म्हणून."

"आता हे संस्कृतात कसं म्हणायचं रे?" भटजींनी कपाळ पुसलं.

जानकीनेही तो शब्द नवऱ्याकडूनच उचलला होता. गिरण्यांचा संप चालला होता तेव्हा गुणाजी रोज दाढी करताना म्हणायचा, "होतला गो सेटल, आज नाय तर उद्या." संप मिटला नाही. गुणाजीने अंथरूण धरलं, आणि मग संपाचं नावही टाकलं. "नंदू तरी सेटल होवंदे," एवढंच म्हणत राहिला. तो गेल्यावर जानकीने अळणी सोमवार धरले. नंदू सेटल होईपर्यंत सोमवारी जिभेला मीठ लावायचं नाही. चित्र तिच्या मनात पक्कं होतं. विक्रोळीच्या एखाद्या कारखान्यात नोकरी, घाटकोपरच्या याच खोलीला पोटमाळा. वर नंदू आणि सून, खाली ती आणि तिचे देव. पोटमाळा तिने घालूनही घेतला. नंदू मात्र कॅनडात गेला. आता सुट्टीवर आला होता, गुरुवारी परत जायचा होता.

सवाष्ण म्हणून बोलावलेल्या उत्तराबाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. "मूळ शब्द बसायच्या जागेचा आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या इंग्रजीत आसन, बाक. त्यावरून बसवणं, ठरणं, मिटणं. गढूळ पाण्यातला गाळ तळाला जातो ना, त्यालाही हेच क्रियापद."

"म्हणजे स्थिर होणं. पुत्रस्य स्थैर्यार्थम्," भटजी खूश झाले. "पण आसन म्हटलं की स्थान आलं. कुठे स्थिर?"

"टोरांटो," नंदू म्हणाला. "कायमचे कागद झाले आता."

"तुला नाही विचारलं. बाईंनी कुठलं ठिकाण मागितलं होतं?"

जानकीच्या तळहातावरचं पाणी बोटांच्या फटीतून झिरपत होतं.

"जागा सांगूकच नाय मी," ती म्हणाली. "माका वाटलां..."

"मग देवाला बोल लावता यायचा नाही हो," भटजी सहज बोलून गेले. "मागितलंत तसं दिलंन."

जानकीने हात कलता केला. पाणी ताम्हनात पडलं. व्रत पुरं झालं.

पंगत बसली तेव्हा नंदूने स्वतः तिच्या पानात आमटी वाढली. "आता सगळं खायचं, काय? आजपासून सुटलीस." ती जेवली. पानात काही टाकलं नाही.

संध्याकाळी तो बॅग भरत होता. ती घडी घातलेले शर्ट एकेक करून त्याच्या हातात देत होती. नंदूला वाटलं, उपास सुटला म्हणून आई रिकामी रिकामी झालीये.

"तुला व्रताशिवाय करमायचं नाही," तो म्हणाला. "दुसरं धर की एखादं. हवं तर मी परत यावं म्हणून धर. कसाही येऊ दे म्हण, पण येऊ दे."

जानकीच्या हातातला शर्ट खाली पडला. तिने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"असां बोला नको रे झिला," ती म्हणाली. "देव आयकता."