कड्यावरचं पोर

जगभर एवढं कौतुक झालं होतं, की हा व्हिडिओ गेम आपल्याला आवडूच नये असं मी ठरवून बसले होते. साहसाच्या नावाखाली तेच डोंगर, त्याच गुहा आणि तोच आग ओकणारा राक्षस! परीक्षण संध्याकाळच्या आत द्यायचं होतं आणि ‘नुसता गाजावाजा’ हा मथळा डोक्यात पक्का होता. तेवढ्यात संपादकांचा फोन आला. घरात रेंज मिळत नाही, म्हणून गॅलरीत जाता जाता, चष्मा शोधायला बाहेरच्या खोलीत आलेल्या आईच्या हातात मी कंट्रोलर कोंबला.

“जरा धर. हा पोरगा कड्याला लटकलाय, त्याला पडू देऊ नकोस.”

“अगं, मला काय कळतंय त्यातलं? लवकर ये, गॅसवर दूध आहे.”

दुधाच्या बाबतीत आई म्हणजे पहारेकरी. पाहुणे येवोत नाहीतर भूकंप होवो, तिच्या हातून दूध उतू गेलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही.

“मग? एवढ्या कौतुकाला लायक आहे का तो गेम?” संपादकांनी विचारलं. मी गॅलरीत उभी राहून तोंड उघडणार, तोच करपल्याचा वास आला.

“आई, दूध!”

“जाऊ दे गं ते!” आई आतून ओरडली. “इथे पोराचा एक हात सुटलाय!”

“हॅलो? काय छापू?”

“पैकीच्या पैकी गुण द्या, सर,” मी म्हटलं. “आमच्याकडे दूध उतू गेलंय.”